बसा की आप्पा

सणसवाडी
४ ऑगस्ट २०२५

अनिता,

जय भीम. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू एकदा "अगं बाई" म्हणालीस की माझा राग निम्मा होतो, आणि हा राग मला निम्मा करायचा नाही. बारावीला वहीची पानं फाडून चिठ्ठ्या लिहायचो, तशीच ही एक समज. फक्त हिच्यात कुठल्या सरांच्या मिशांची चेष्टा नाही.

तुझ्या रुद्रचं रील पाहिलं. माझ्या खानावळीत जेवणाऱ्या कंपनीच्या पोरांनीच उष्ट्या हातानं दाखवलं, "मौसी, ये देखो, अपना वाला डायलॉग!" रुद्र वरवंडजवळ हायवेला हॉटेल काढतोय, नाव 'बसा की आप्पा', उद्घाटन दसऱ्याला. चांगलं आहे, पोरगं कष्टाळू आहे. पण रीलमध्ये तुझे वडील मच्छिंद्र नाना फेटा बांधून झोपाळ्यावर बसलेत आणि सांगतायत, "आमच्या दारात आल्याला मानूस कवा उभा ऱ्हायला न्हाई. म्या म्हनायचो, बसा की आप्पा! तितनंच ह्ये समद्या तालुक्यात गेलं." एवढं खोटं बोलताना त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

विसरली असशील तर सांगते. विसरणं तुमच्या घराला परवडतं. पंच्याण्णव साली राखीव जागेवर माझे वडील आपल्या वाडीचे सरपंच झाले. तोवर गावाला ते नुसते चांगद्या. पहिल्या मीटिंगला इस्त्रीचा सदरा घालून गेले, तर सरपंचाची वेताची खुर्ची जागेवर नाही. उपसरपंच तुझे वडील. म्हणाले, वेत बदलायला नेलीय. बाकीच्या मेंबरांनी घरून आपापल्या खुर्च्या आणलेल्या. मोकळी जागा एकच, दाराशी, चपलांजवळ. तिकडं बोट करून नाना म्हणाले, "बसा की आप्पा!" आणि खुर्चीवरचे सगळे एका सुरात ओरडले, "बसलोय की!" आप्पा हा मान माझ्या बापाला पहिल्यांदा मिळाला तो असा. मी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आले होते, तू माझ्याबरोबर होतीस. दोघी खिडकीशी होतो.

ते बसले नाहीत. उभ्यानं मीटिंग चालवली, उभ्यानं सह्या केल्या. वेत बदलून कधी झालाच नाही. पाच वर्षं दर महिन्याला हाच खेळ.

खिडकीशी जमणाऱ्या पोरांनी तो शब्द उचलला. शाळेत गेला, वरवंडच्या बाजारात गेला, उसाच्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्यावर गेला, दौंड स्टेशनच्या रिक्षावाल्यांनी घेतला, नदी ओलांडून शिरूरला पोचला. आता दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एक म्हणतो "बसा की आप्पा!", दुसरा "बसलोय की!" फोन उचलला की तेच. बॅट्समन आउट झाला की कॉमेंट्रीवाला तेच ओरडतो. माझ्याकडं समस्तीपूरचा रंजन जेवायला येतो, तो रोज छातीवर हात ठेवून माझ्या वडिलांना तेच म्हणतो. त्याला वाटतं मराठीत नमस्कार असाच करतात. आप्पा त्याला "जय भीम" म्हणतात. "बसलोय की" हे उत्तर त्यांनी आजवर कुणालाही दिलेलं नाही. घराबाहेर कुठं खुर्चीवर बसलेलंही मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या लग्नात दिवसभर उभे होते. लोकांना वाटलं, मुलीच्या बापाची धावपळ.

रुद्रला रील काढायला सांग. आणि खरं काय घडलं ते नानांनी त्याच फेट्यात, त्याच झोपाळ्यावर बसून सांगावं. एवढंच. अजून तरी एवढंच.

माया


वरवंड
१३ ऑगस्ट २०२५

प्रिय माया,

सप्रेम नमस्कार. पोस्टमननं हातात पत्र दिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, कुणाचं आधार कार्ड आलं गं? मी हो म्हटलं आणि गोठ्यात जाऊन वाचलं. तू पत्र लिहिलंस ते बरंच केलंस. माझा फोन घरात कुणाच्याही हातात असतो.

तुझा राग मला कळतो. खरंच कळतो. मी माहेरी जाऊन नानांना विचारलं. त्यांना काही आठवत नाही गं. ऐंशीचा माणूस, सकाळी गोळी घेतली का नाही ते दुपारी आठवत नाही. ती खुर्चीही कधीच मोडली, बंबाखाली गेली असेल. रुद्रचा तर तेव्हा जन्मही नव्हता. त्याला आजोबांनी सांगितलं ते त्यानं खरं मानलं.

आणि एक बोलू का? शब्द आता तो राहिला नाही. माझी पुतणी ऋतिका पुण्याला हॉस्टेलवर असते, तिथल्या मुली एकमेकींना हेच म्हणतात आणि गळ्यात पडतात. लोक प्रेमानंच म्हणतात. उगाच खपली काढून काय मिळणार?

माझं ऐकशील तर आप्पांना उद्घाटनाला आण. पुढच्या रांगेत त्यांची खुर्ची ठेवते. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं मानानं करू. नानांच्याच हातून करू. गाडी पाठवते. रुद्रनं या हॉटेलसाठी नोकरी सोडलीय, त्याचं सगळं त्यात आहे. तू त्याला अंगाखांद्यावर खेळवलंयस, त्याच्याकडं बघ.

तुझी
अनिता


सणसवाडी
१९ ऑगस्ट २०२५

अनिता,

पुढच्या रांगेत म्हणजे स्टेजच्या खाली. नाना वर, आप्पा खाली, आणि नाना वाकून शाल घालणार. फोटो छान येईल. तीस वर्षांनी दारातल्या चपलांपासून पुढच्या रांगेपर्यंत आणलंस माझ्या बापाला, उपकार झाले.

आप्पांना ते रील मी दाखवणार नव्हते. रंजननं दाखवलं. आप्पांनी बघितलं, म्हणाले, "पुन्हा लाव." परत बघितलं, परत म्हणाले, "पुन्हा लाव." मग फोन परत देऊन म्हणाले, "लई म्हातारा झाला की मच्छिंद्र. पर बसलाय." आणि हात धुवायला गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. भाकरी केली होती, तशीच राहिली. तुझ्या नानांना आठवत नाही म्हणतेस. माझ्या वडिलांना त्या खोलीत कोण कुठल्या खुर्चीवर होतं ते अजून सांगता येतं.

आणि प्रेमानं म्हणतात हे मला सांगू नकोस. रंजन प्रेमानं म्हणतो हे मला माहीत आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण जो थुंकला त्यानंच येऊन सांगायचं की ते अत्तर होतं, हे मी ऐकून घेणार नाही.

मागच्या पत्रात मी खरं सांगा म्हटलं होतं. आता विचार बदलला. माफी मागून माणूस उलट मोठा होतो, त्याचंही रील होतं. मला माफी नको. मला उट्टं काढायचंय, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. माझे वडील पाच वर्षं उभे राहिले. तुझ्या वडिलांनी पाच मिनिटं उभं राहावं. स्टेजवर, सगळ्या तालुक्यासमोर, बसायला खुर्ची नसताना. आणि लोकांनी म्हणावं, "बसा की आप्पा!" पाच मिनिटांत मी सगळं सोडून देईन.

जमवतेस?

माया


वरवंड
५ सप्टेंबर २०२५

माया,

गौरी-गणपतीत हात रिकामे नव्हते, म्हणून उशीर. तू माझ्याकडं काय मागतेस याचं तुला भान आहे का? ऐंशी वर्षांच्या माणसाला लोकांपुढं उभं करून त्याचं हसं करायचं? आणि ते मी करायचं, त्यांच्या मुलीनं? तू डोक्यात राख घालून घेतलीयस.

तुला वाटतं तुझ्याच वडिलांना उभं केलं. अगं, नानांसमोर बसलंय कोण? आमच्या घरात बायका त्यांच्यापुढं खुर्चीवर बसत नाहीत. आई, भागुबाई नाव तिचं, गावाला ती फक्त नानांची मंडळी म्हणून माहीत, तीही कधी बसली नाही. तिची कंबर गेली, काठी आली, तरी नाना ओसरीवर आले की भिंत धरून उभी. मी सत्तेचाळीस वर्षांची, उद्या सून आणीन, पण माहेरी गेले की चौकटीला टेकून उभी असते. रुद्रच्या वेळी पहिलटकरीण म्हणून माहेरी होते, सातवा महिना, पायांना सूज, तरी त्यांची चाहूल लागली की उठायची. ती त्या घरची रीतच आहे. त्याचं मी काही कुणाला पत्र लिहिलं नाही.

तेव्हा नाना आप्पांशी वेगळं वागले असं नाही. ते सगळ्यांशीच तसे आहेत.

हॉटेलची पाटी लागली. रुद्र रात्रंदिवस तिथंच असतो. तुला मैत्रीची आण आहे, दसऱ्यापर्यंत गप्प राहा.

अनिता


सणसवाडी
१० सप्टेंबर २०२५

अनिता,

तुझं पत्र वाचलं. चौकटीला टेकलेली तू मला दिसलीस. वाईट वाटलं, पण तुला वाटतं तेवढं नाही. तुला उभं करणारा आणि माझ्या बापाला उभं करणारा माणूस एकच, आणि तू त्याच्या बाजूनं मला पत्रं लिहितेस.

आणि सगळ्यांशी तसे नव्हते ते. मेंबर खुर्च्यांवर होते. रीत म्हणतेस, पण ती कुणाकुणासाठी होती ते एकदा मोजून बघ.

दसऱ्याला मी नागपूरला जाते हे तुला माहीत आहे. तुझ्या मांडवात भांडायला मी दीक्षाभूमी सोडणार नाही, निश्चिंत राहा. आप्पांचे गुडघे सुजलेत, ते यंदा घरीच. परत आले की त्यांना खानावळीच्या दारात उभं करून सगळं पहिल्यापासून सांगायला लावणार आणि रंजन ते फोनवर घेणार. नानांचं नाव, गावाचं नाव, सगळं. मग तुमच्या हॉटेलची पाटी लोक कशी वाचतात ते बघू.

आता पत्र पाठवू नकोस.

माया


सणसवाडी
८ ऑक्टोबर २०२५

अनिता,

पाठवू नकोस म्हणाले आणि मीच लिहितेय.

परतीच्या गाडीतून दौंडला उतरले, तर प्लॅटफॉर्मवर दोन पोरं फोनमध्ये डोकं घालून खिदळत होती. डोकावले. स्टेजवर फेटा बांधलेले मच्छिंद्र नाना उभे. बाकी सगळे बसलेले. समोर तुफान गर्दी, आणि निवेदक माइकवर बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "बसा की आप्पा!" नाना इकडं बघतात, तिकडं बघतात, कुठं खुर्ची नाही. आणि मग मला दिसलं. मधोमध खुर्चीवर माझा बाप बसलेला. तिथंच व्हिडिओ संपतो.

मी नागपूरला गेल्याचं साधून तू त्यांना नेलंस. मी नको म्हटलं होतं ना? कशाला नेलंस, शाल-श्रीफळाला? तुझ्या पोराच्या धंद्याला माझा बाप लागला का?

लोक म्हणतात मांडववाल्यानं घोळ केला, एक खुर्ची कमी पडली. खोटं कशाला बोलू, तो व्हिडिओ मी इतक्या वेळा बघितला की बोटाला सवय झाली. नानांच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून जे सुख झालं ते लिहिता येणार नाही. पण मांडववाल्याच्या चुकीनं निघालेलं उट्टं काय कामाचं? ते माझं नाही, आप्पांचंही नाही. चुकून सांडलेलं पाणी प्यायला दिल्यासारखं वाटतंय.

आणि हे म्हातारं तोंड उघडत नाही. खानावळीच्या दारात एक वेताची खुर्ची येऊन बसलीय. कुठनं आणली विचारलं तर म्हणतात, "माझीच हाय." हॉटेलवर काय झालं विचारलं तर म्हणतात, "अनिताला इचार."

म्हणून विचारतेय.

माया


वरवंड
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय माया,

मांडववाल्याची चूक नव्हती.

आधी एक गोष्ट सांगते. नानांना आठवत नाही असं मी तुला लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं. श्रावणात मी विचारलं तेव्हा ते ओसरीवर दाढी करत होते. हसले. म्हणाले, "आठवत न्हाई म्हंजी? समदं आठवतंय. पाच वर्सं उभा केला हुता चांगद्याला. खांब! निस्ता खांब. आन् ही काय त्याचीच खुर्ची, आजून मोडली न्हाई." आणि ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या हातावर थाप मारली. बंबाखाली गेली असेल असं मी तुला लिहिलं ती हीच. तीस वर्षं नाना तिच्यावर बसून दाढी करतात. वेत फाटला तर खाली पोतं घालून बसतात. रुद्र शेजारी होता, तो म्हणाला, "नाना, कडक! ह्याचं पण रील करू." तू मला त्या माणसाची बाजू घेतेस म्हणून लिहिलंस ना, ते पत्र घेऊन मी माहेरी गेले. नाना खुर्चीवर. मी चौकटीला. त्यांनी मला बस म्हटलं नाही, आणि मी वाट बघतेय हे मला पहिल्यांदाच कळलं. मग तू सांगितलंस तसं मोजून बघितलं. आईपासून सुरुवात केली.

रुद्रला म्हटलं, ती खुर्ची दे, दौंडहून वेत विणून आणते, स्टेजवर मधोमध जुन्या पद्धतीची छान दिसेल. तो खूश. नाना त्याहून खूश. स्टेजचं सगळं मी माझ्याकडं घेतलं. खुर्च्या मोजून मांडल्या, पाहुणे होते तेवढ्या, आणि एक माझी.

तू गाडीत बसलीस त्या दिवशी आप्पांना फोन केला. म्हटलं, "आप्पा, मी मच्छिंद्र नानांची अनिता. स्टेजवर तुमची खुर्ची मांडलीय. तुमचीच, पंचायतीतली. याल का?" त्यांनी एवढंच विचारलं, "मच्छिंद्र कुठं बसनार हाय?"

मी म्हटलं, "न्हाई बसणार."

म्हणाले, "येतो."

तेव्हा मी त्यांना शाल-श्रीफळाला नेलं असं समजू नकोस. ते कशाला येतायत हे त्यांना माहीत होतं.

कार्यक्रम असा ठरला होता की नाना शेवटी यायचे, बँडबरोबर. ते चढले की निवेदकानं "बसा की आप्पा!" म्हणायचं, आणि नानांनी मधल्या खुर्चीवर बसून समोरच्या माइकवर "बसलोय की!" म्हणायचं. मग फटाके. नाना गाडीतच बसून होते. बँड सुरू झाल्यावर मी आप्पांना वर नेलं. त्यांनी खुर्ची बघितली. वेत नवा होता, पण खुर्चीच्या उजव्या हाताला एक जुनी खाच आहे, तिच्यावरून अंगठा फिरवला. मग बसले. माया, ते असे बसले की मला रडू आलं. टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. मी शेजारी बसले. कारखान्याचे संचालक, सरपंचबाई, सगळे आपापल्या जागी.

नाना वर आले. आधी हसत होते. मग खुर्चीवर कोण आहे ते दिसलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मी आयुष्यभर उठत आलेय. खरं सांगते, तेव्हाही मी खुर्चीतून उचलले गेले होते. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि स्वतःला खाली बसवलं. निवेदकाला काय कळणार, तो ठरल्याप्रमाणे ओरडला, "बसा की आप्पा!" आणि गर्दी गप्प झाली, कारण आता नाना उत्तर देणार.

व्हिडिओ तिथं संपतो म्हणतेस. पुढचं ऐक. आप्पांनी माइक पुढं ओढला. नानांच्या डोळ्यात बघून, ओरडून नाही, आपण शेजारणीला सांगतो तेवढ्याच आवाजात म्हणाले, "बसलोय की."

शिट्ट्या, टाळ्या, फटाके. लोकांना वाटलं नानांचा कुणी जुना दोस्त आहे, ठरवून केलंय. कळलं फक्त आम्हा तिघांना. कुणीतरी पळत प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पण स्टेजवर जागा उरली होती ती जिन्याच्या तोंडाशीच. दीप लावायला सगळ्यांनी चपला काढल्या होत्या ना, त्यांच्याजवळ. खुर्ची आणणारं पोरगं म्हणालं, "नाना, हितं बसा की." नाना बसले नाहीत. भाषणं संपेपर्यंत उभे होते. तू पाच मिनिटं मागितली होतीस, त्याहून पुष्कळ झालं.

उतरताना मीच ती खुर्ची टेम्पोत घातली आणि आप्पांबरोबर पाठवली. सरपंचाची होती, सरपंचाकडं गेली.

आता तो व्हिडिओ कुठं कुठं गेलाय. नाना मारुतीच्या पारावर गेले की पोरं म्हणतात, "बसा की नाना!" त्यांनी बाहेर पडणंच सोडलंय. माझ्याशी बोलत नाहीत. निरोप आला, दिवाळीला येऊ नकोस. रुद्र घुश्शात आहे, हॉटेल मात्र भरून वाहतंय. आईला फोन केला तर हळू आवाजात म्हणाली, "मी आता बसूनच बोलतीय गं." आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटायला पाहिजे. रोज बघते, वाटतंय का. अजून वाटलेलं नाही.

तुझी
अनिता


सणसवाडी
२८ ऑक्टोबर २०२५

प्रिय अनिता,

जय भीम. तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. "शेजारणीला सांगतो तेवढ्याच आवाजात" इथं त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "व्हय, मोठ्यानं न्हाई बोललो." परत वाचायला लावलं. मी तुला बरंच वाईटसाईट लिहिलं होतं. ते सगळं मागं घेते. नानांबद्दलचं मात्र तसंच ठेवते.

माहेरचं दार बंद झालं म्हणतेस. दिवाळी गेली, पण फराळ आहे. येत्या रविवारी इकडं ये. आप्पांनी दारात दुसरी खुर्ची मांडून ठेवलीय, कुणी बसायला लागलं की म्हणतात, "ती अनिताची हाय." रंजनचं काय झालं ते ऐक. परवा नेहमीसारखा छातीवर हात ठेवून म्हणाला, "बसा की आप्पा!" आप्पा म्हणाले, "बसलोय की!" त्याला एवढा आनंद झाला की त्यानं सगळ्या टेबलांना ओरडून सांगितलं. मग आप्पांनी त्याला समोर बसवून हा शब्द कुठून आला ते पहिल्यापासून सांगितलं. मी शूट करू का विचारलं. म्हणाले, "नको. ज्यो म्हनंल त्येला मी सोता सांगनार." आता रोज एकेकाला सांगतात. पोरं ऐकतात, जेवण थंड होतं, कुणी तक्रार करत नाही.

मुख्य गोष्ट राहिलीच. काल रुद्र आला होता. पेढ्यांचा बॉक्स घेऊन, एकटाच. आप्पांच्या पाया पडला. त्याला सगळं कळलंय असं वाटलं, तूच सांगितलंस का? रडवेला झाला होता. म्हणाला, "आप्पा, नानांनी घराबाहेर पडायचं सोडलंय. जेवत न्हाईत नीट. कुनी दारात आलं तरी आत जात्यात. तुम्ही एकदा चला, लोकांसमोर त्यांना नुसतं म्हना की झालं ते झालं. एक शब्द. तेवढ्यानं मिटंल."

मला वाटलं आप्पा विरघळणार. पोराच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, तुझी खुर्ची त्याला दिली, माझ्याकडून चहा मागवला, तो प्यायला लावला.

मग विचारलं, "पाच वर्सं झाली का रं?"

रुद्रला कळेना. म्हणाला, "कशाला, आप्पा? अजून महिनापन न्हाई झाला."

आप्पा म्हणाले, "मंग ये की, पाच वर्सांनी."

तुझी
माया